सरकारची लाह

आबांच्या खुरप्याचं पातं शहाद्याच्या लोहाराचं होतं आणि मूठ साजापाणी गावच्या खात्या पावराने तासून दिलेली. आबा चैत्रात गेले. त्यांचे कपडे, जोडे, छत्री, सगळं मायने एकेक करून देऊन टाकलं. खुरपं मात्र पडवीतल्या खुंटीवर होतं तसंच राहिलं. तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. आमच्या शेतात निंदायला येणाऱ्या बायका आपापली खुरपी आणतात. आबांचं खुरपं वर्षातून एकदा, श्रावणात बाहेर निघायचं आणि सातपुड्यात जायचं.

त्या दिवशी माय पहाटे भाकरी बडवता बडवता आतूनच हाक मारायची, "सरकार, उठा. भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी."

सरकार म्हणजे आबा. गावातही हेच नाव पडलं होतं. आबा खांद्याला शिदोरी आणि हातात खुरपं घेऊन निघाले की पारावरचे लोक म्हणत, "सरकार निंदाले चालनं." आबा हसून मान हलवत. धुळ्याला ट्रेनिंग कॉलेजात शिकत असताना मी एकदा मैत्रिणींना हे सांगितलं, तर त्यांना ती गंमत वाटली. गंमत होतीच. पण ती सांगायची तर रस्त्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढं ऐकायला कोणी थांबत नाही.

आमचं गाव गोमाई नदीच्या काठी. काळी जमीन, कापूस, भुईमूग, बैलजोडी, असं बेताचं पण पोटाला पुरणारं घर. आबा, म्हणजे माझे वडील चुडामण, मराठी सातवी पास झाले होते. शेती धाकट्या भावावर, नवलकाकांवर सोपवून ते सरकारी रस्त्याच्या कामावर लागले. त्यांचं काम आखणीचं. सगळ्यांच्या आधी पुढे जायचं, खुंट्या ठोकायच्या, चुन्याची फक्की टाकायची. मागून मजूर येणार, त्यांच्यामागून खडी. आबा म्हणत, रस्ता होण्याआधी त्यावरून चालणारा मी पहिला माणूस.

मी सहा-सात वर्षांची असेन, तेव्हा तळोद्यावरून डोंगरात नवा रस्ता निघाला. घाट चढायचा, पहिली रांग ओलांडायची, साजापाणी गाठायचं आणि पुढे कधीतरी धडगावला जाऊन मिळायचं, असा तो नकाशात होता. नकाशा आबांच्या डोक्यात इतका पक्का बसला होता की जेवताना ते ताटातल्या भातावर बोटाने घाट काढून दाखवत आणि माय त्यांच्या हातावर हलकेच चापट मारत असे.

ते डोंगर तेव्हा कसे होते हे आज सांगितलं तर खरं वाटणार नाही. दोन माणसांच्या कवेत न मावणारे साग. चैत्रात मोहाची फुलं पडली की सगळं रान पिकल्या वासाने जड होई. चारोळी, डिंक, लाख, हिरडे, मध. नंदुरबारच्या स्टेशनावरून हा माल गोण्या भरभरून सुरतेकडे जाई. आणि ज्यांच्या हातून तो रानातून निघे, ती माणसं डोक्यावर टोपली घेऊन दोन रांगा उतरून तळोद्याला येत आणि चारोळीच्या मापाला मिठाचं माप घेऊन परत चढत. चारोळीला चारोळीचा भाव मिळतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण विकली नाही तर टोपली पुन्हा डोक्यावर घेऊन वर चढायचं, हे व्यापाऱ्यालाही ठाऊक होतं. रस्ता झाला की गाडी येईल, गाडी आली की माल नंदुरबारपर्यंत स्वतः नेता येईल, असं आबांनी साजापाणीत समजावलं. ते त्यांना मनापासून वाटत होतं.

साजापाणीचा मोठा माणूस म्हणजे खात्या पावरा. उंच, सडपातळ, कानात चांदीच्या बाळ्या. बोलण्याआधी तो इतका वेळ गप्प बसे की नवख्याला वाटावं, याने ऐकलंच नाही. आबा वर राहिले तेव्हा खात्याच्याच अंगणात राहिले. त्यांची पावरी बोली तिथेच सुधारली. होळीला खात्या त्यांना काठी नावाच्या गावी घेऊन गेला. रात्रभर ढोल ऐकून आलेले आबा दोन दिवस नीट झोपले नव्हते, आणि त्या दोन दिवसांबद्दल ते शेवटपर्यंत बोलत.

साजापाणीत मोठं काम कोणी एकट्याने करत नाही. घर बांधायचं असो, शेत निंदायचं असो, आदल्या संध्याकाळी घरोघर सांगून यायचं. सकाळी सगळं गाव हजर. याला लाह म्हणतात. मजुरी द्यायची नाही, फक्त जेवू घालायचं, आणि आज जे आपल्याकडे आले त्यांच्याकडे आपण जायचं. न जाणं ही एकच गोष्ट तिथे माफ होत नाही. दोन भावांत वैर असलं तरी लाहेला एक दुसऱ्याच्या शेतात जातो, दिवसभर अबोल राहून काम करतो, जेवतो आणि उठून येतो.

ओव्हरसियरसाहेबांकडून निरोप आला होता की घाटाच्या कामाला गावची माणसं लावा, दिवसाचा रोज मिळेल. आबांनी तो खात्याला सांगितला.

"रस्ता कुणाचा?" त्याने विचारलं.

"सरकारचा," आबा म्हणाले.

"येणार आमच्या गावाला?"

"तुमच्याच."

"मग रोज कसला घ्यायचा? सरकारने लाह बोलावली, आम्ही येतो. आमच्या शेताला सरकार येईल."

आबा हसले. म्हणाले, "येईल की."

हे ते अगदी सहज बोलून गेले. पुढे माय अधूनमधून त्यांची नक्कल करायची, मान तिरकी करून, "येईल की." आबा तेवढ्यावर मात्र हसत नसत.

साहेबांना हे कळवलं तेव्हा ते फार खूश झाले. म्हणाले, चुडामण, लोकांनीच अंगमेहनत दिली तर मजुरीचा पैसा वाचेल आणि त्या पैशात तुझा रस्ता साजापाणीच्याही पुढे नेऊ. आबांनी हे वर जाऊन जसंच्या तसं सांगितलं. लोकांना जेवू घालायला म्हणून साहेबांनी ज्वारीची पोती पाठवली. ज्वारीत भुंगे होते. बायकांनी ती सुपाने पाखडून घेतली आणि कोणी काही बोललं नाही. लाहेच्या जेवणाला नावं ठेवायची नसतात.

त्या हिवाळ्यात माय आणि मी वर जाऊन राहिलो. माझ्या लहानपणातला सगळ्यात उजेडाचा काळ कोणता असं कोणी विचारलं तर मी तो हिवाळा सांगेन. सकाळी धुक्यातून माणसं येताना दिसत, आधी आवाज, मग माणूस. घाटातला कातळ फोडायला सुरुंग नव्हता. कातळावर लाकडं रचून पेटवायची, तो तापून लाल झाला की वरून पाणी ओतायचं. कातळ तडकला की बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज व्हायचा आणि सगळी घाटी ओरडायची. खात्याची बायको फुलीबाई मातीची पाटी डोक्यावर आणि मला कडेवर घेऊन चढायची. मी चालू शकत होते, पण तिला ते सांगण्यात मला काही फायदा दिसत नव्हता. दलसिंग नावाचा एक चेष्टेखोर माणूस होता. तो म्हणायचा, सरकार माझ्या शेतात निंदायला आलं की त्याला मी बांधावरचं कुंदा नावाचं चिवट गवत काढायला देईन, सोपं काम देणार नाही. लोक हसून हसून पाट्या खाली ठेवत. साहेब धोतर खोचून बसेल की पाटलोण घालून, यावर बायकांनी गाणंसुद्धा रचलं होतं.

फाल्गुनात आबांना हिवताप झाला. आम्ही खाली गावी आलो. दीड-दोन महिने ते अंथरुणात होते. बरे होऊन वर गेले तेव्हा घाट पुरा झाला होता. पहिल्या रांगेवर एक जुना मोह आहे, तिथे आबांची आखणी डावीकडे, साजापाणीकडे वळत होती. त्या बाजूच्या खुंट्या उपटलेल्या होत्या. रस्ता उजवीकडे वळला होता आणि थेट सागाच्या दाट रानात लाकूडठेकेदाराच्या वखारीपाशी जाऊन थांबला होता. आबांच्या खुंट्याच तिकडे नेऊन ठोकल्या होत्या. त्यांनी स्वतः तासलेल्या, डोक्याला गेरू लावलेल्या.

मोहाजवळ नाका झाला होता. दोन खांब आणि मध्ये साखळी. चारोळी खाली न्यायची तर पास हवा. पास साहेबाच्या कचेरीत, कचेरी तळोद्याला, आणि तळोद्याला जायचं तर नाका ओलांडायचा. नाक्याला लागूनच ठेकेदाराचं दुकान होतं. तिथे पासाशिवाय चारोळी घेत आणि मीठ देत. माप पूर्वीपेक्षा लहान होतं, पण पूर्वीइतकं चालावं लागत नाही ना, असं दुकानदार सांगे.

वाचलेल्या मजुरीचं काय झालं हे आबांना हळूहळू कळलं. ती वाचलीच नव्हती. घाटाच्या कामावर रोज घेणारी माणसं कागदावर होती, त्यांचे अंगठे होते, फक्त ती माणसं कोणी पाहिली नव्हती. आबांनी वर अर्ज केला. चौकशीला एक मोठे साहेब आले, वखारीवर जेवले आणि घाट फार सुरेख झाला आहे असा शेरा देऊन गेले.

श्रावणात साहेबांचा मुक्काम घाटाच्या पायथ्याच्या बंगल्यात होता. आबाही तिथेच होते. एका सकाळी खात्या, दलसिंग आणि आणखी काही जण बंगल्याच्या पायऱ्यांशी येऊन बसले. साहेबांचा चहा होईपर्यंत बसूनच राहिले. पुढचं मी आबांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की मी तिथे नव्हते हे मला आठवून पाहावं लागतं.

साहेबांनी काय हवं म्हणून विचारलं. खात्याने सांगितलं, जोंधळ्यात गवत माजलं आहे, उद्यापासून निंदणी धरतो आहोत, सरकारला सांगायला आलो. साहेबांना कळेना. आबांनी मान खाली घालून लाह म्हणजे काय ते समजावलं. साहेब आधी मोठ्याने हसले, मग कारकून हसले, मग पट्टेवाला.

"अच्छा," साहेब म्हणाले, "मी निंदायला येऊ? जेवायला काय घालणार?"

दलसिंग हात जोडून म्हणाला, "तुम्ही आम्हाला घातलं तेच, साहेब. भुंगे आम्ही वेगळे जमवू."

हसणं थांबलं. साहेब आत निघून गेले. पट्टेवाल्याने त्यांना उठवायला सुरुवात केली. खात्या उठला नाही. तो आबांकडे बघत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता, आबा म्हणत, राग असता तर बरं झालं असतं.

"चुडामणभाऊ, घरोघर सांगायला कोण आलं होतं?"

"मी आलो होतो."

खात्याने मान हलवली आणि तो उठला.

दुसऱ्या दिवशी आबा वर गेले. जालमसिंगचं शेत गावात पहिलं लागतं, तिथे बांधावर कोट काढून ठेवला आणि ओळीत बसले. दिवसभर कोणी काही विचारलं नाही. दुपारी जालमसिंगच्या बायकोने भाकरी आणि उडदाची डाळ पुढे ठेवली. संध्याकाळी आबांच्या तळहाताला फोड आले होते. आमच्या घरात पुरुष निंदत नाहीत, ते बायकांचं काम. खात्या ते फोड बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी अंजनाच्या लाकडाची ती मूठ तासून घेऊन आला.

दिवाळीच्या सुमाराला आबांची नोकरी गेली. हजेरी न घेता लोकांकडून काम करवून घेतलं, असा ठपका होता. साहेबांना बढती मिळून ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले. आबा गावी येऊन शेती करू लागले, आणि दर श्रावणात आमची निंदणी आटोपली की साजापाणीला जाऊन एका घराची लाह फेडायची, असं त्यांनी धरलं. साजापाणी काही लहान गाव नाही. एकेका टेकडीवर एकेक घर.

माय चिडायची. "सरकारनं देणं तुम्ही कसाले फेडी ऱ्हायनात? तुम्ही काय सरकारना जावाई शेतस का?" तरी शिदोरीत लसणाची चटणी जास्तच बांधायची. ती खात्याला आवडते हे तिला माहीत होतं.

मी दहा वर्षांची झाल्यापासून आबा मला बरोबर नेऊ लागले. त्या वाटेवरचे आबा घरच्या आबांपेक्षा वेगळे असत. घाट चढताना ते रस्त्याशी बोलल्यासारखे थांबत. इथे खात्याने पहार मोडली. इथे फुलीबाई तुला घेऊन घसरली, लागलं तिला आणि रडलीस तू. समोरून सागाच्या ओंडक्यांनी भरलेल्या गाड्या उतरत. बैलांची मान दाबली जाऊ नये म्हणून मागे दोर धरून माणसं लटकलेली असत. आम्ही कडेला उभे राहून वाट देत असू. आबा गाड्या मोजत नसत, पण शेवटची गाडी नजरेआड होईपर्यंत हलतही नसत. नाक्यावर साखळीखालून वाकून पलीकडे गेलं की पायवाट सुरू व्हायची. आबांनी आखलेली डावीकडची वाट ती हीच, फक्त तिच्यावर खडी कधी पडली नाही.

वर काही आलं नाही. शाळा येणार होती, ती आली नाही. दवाखान्याचं औषध आलं नाही. जालमसिंगची सून बाळंतपणात अडली, तेव्हा तिला झोळीत घालून मोहापर्यंत आणली आणि तिथूनच परत नेली. पुढे लढाईच्या वर्षांत गाड्यांच्या जागी लॉऱ्या आल्या. साग आता कुठल्या कुठे जाऊ लागला. साजापाणीच्या घरांना तेव्हाही दारं नव्हती. कूड आणि कुडाला लावायचा एक तट्टा. सागाच्या मुलखात राहून सागाची फळी कोणाच्या दाराला नव्हती, कारण ती घरात सापडली तर चोरीची ठरत असे.

नंतर मी पुष्कळ वाचलं. धुळ्याच्या वाचनालयात, आणि शिक्षिका झाल्यावर पगारातून पुस्तकं मागवूनही. ज्या देशांच्या पोटात चांदी आहे, तांबं आहे, ज्यांच्या रानात रबर आहे, ते देश दरिद्री का राहिले, याची कारणं त्यांत दिलेली असतात. हवा, रोगराई, रूढी. लोकांचा आळस हेही एक कारण बहुतेक पुस्तकांत येतं. तिथे आलं की मला तापलेल्या कातळावर पाणी ओततानाचा आवाज आठवतो आणि पुढची काही पानं नीट वाचली जात नाहीत.

आबांनी एकेक करून सगळी घरं फेडत आणली. खात्याचं घर तेवढं राहत गेलं. आबा म्हणत, या वर्षी तुझं. खात्या म्हणे, यंदा माझा जोंधळा पातळ आहे, पुढच्या वर्षी. कधी म्हणे, दलसिंगची तब्येत ठीक नाही, त्याच्याकडे जा. कधी तर म्हणे, आज पाऊस आहे, बस, बोलू. आबांना वाटायचं, आपलं येणं बंद होऊ नये म्हणून तो असं करतो. परतताना घाटात ते मला म्हणाले होते, "म्हातारा लबाड आहे. मला सोडायचं नाही त्याला." हे बोलताना त्यांना किती आनंद झाला होता, ते मला त्यांच्या चालण्यावरून कळत होतं.

शेवटच्या आजारात आबा फार बोलत नव्हते. एकदा मी त्यांना पाणी पाजत होते, तेव्हा म्हणाले, "खात्याचं राहिलं." मी म्हटलं, मी जाईन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग खुंटीकडे.

श्रावण आला. नवलकाका म्हणाले, "बाप गया, देणं बी गयं. पोरनी जात तू, एकटी कोठे डोंगरमा जाशी?" काका वाईट माणूस नव्हे. त्यांना आबांची ही सवय कधी कळली नाही एवढंच. माय चुलीपाशी होती. ती उठली, खुंटीवरचं खुरपं काढलं, पदराने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "जाऊ दे तिले," ती काकांना म्हणाली. "सरकारनं एक घर ऱ्हायनं शे." मग शिदोरीत चटणी बांधायला बसली.

नाक्यावरची साखळी जाऊन लोखंडी दांडा आला होता. मोह तसाच होता. खात्याचा मुलगा वीरसिंग मला वाटेत भेटला. आबा गेल्याचं त्यांना कळलं होतं.  माझ्या हातातली शिदोरी त्याने घेतली आणि पुढे चालू लागला.

खात्या आता फार थकला होता. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. ओट्यावर घोंगडी पांघरून बसला होता. मी पाया पडले. त्याने हात पुढे केला, मला वाटलं डोक्यावर ठेवायला. पण त्याने खुरपं मागितलं. मुठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"झिजली," तो म्हणाला.

मी म्हटलं, "आबांनी तुमचं शेत राहिलं म्हणून सांगितलं होतं. मी आजच धरते. दोन दिवस लागले तरी पुरं करून जाईन."

त्याचा अंगठा मुठीवर थांबला. मी वाट पाहिली. आत फुलीबाई जात्यावर बसली होती, तेही थांबलं.

"माझ्या शेतात लाहेने उतरायचं नाही," तो म्हणाला.

मला वाटलं, तो तेच पुन्हा करतो आहे. मी सांगू लागले की आता पुढच्या वर्षावर टाकू नका, आबा आता येणार नाहीत. माझा आवाज मला हवा तसा राहिला नाही. आबा गेल्यापासून तो कोणासमोर असा झाला नव्हता.

"तुझ्या बापाचं काही राहिलं नाही, पोरी," खात्या म्हणाला. "त्याने बोलावलं, तो आला. जालमसिंगच्या शेतात बसला त्या दिवशीच त्याचं फिटलं. पुढे तो करत होता ते सरकारच्या वाटचं. मी त्याला अडवलं नाही. माणूस येतो, बसतो, बरं वाटतं. पण सगळी घरं फेडून झाली असती म्हणजे? उद्या सरकार येईल आणि म्हणेल, तुमची लाह चुडामण फेडून गेला. मग आम्ही काय मागायचं? म्हणून एक घर ठेवलं. माझं."

 वीरसिंग म्हणाला, "खाली बोलतात, राज्य बदलणार. गोरे जाणार म्हणे."

"जाऊ देत," खात्या म्हणाला. "नवं येईल त्यालाही हेच सांगायचं. जुन्याचं घर घेतलं की जुन्याची लाहही घ्यावी लागते. तू शिकलेली आहेस. तू नीट सांगशील."

"आबांना हे बोलला होतात कधी?"

"नाही. त्याला वाटायचं, तो एकटा पुरेल. असं वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कशाला सांगायचं?"

दूर खाली घाटात लॉरी गिअर बदलत होती. चढ नव्हे, उतार. भरलेली असणार. खात्याने मान त्या आवाजाकडे वळवली आणि आवाज विरेपर्यंत तशीच ठेवली, आबा ठेवत तशी.

फुलीबाई बाहेर आली. तिने खात्याच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. "लाह नको म्हणतोस, नको," ती नवऱ्याला म्हणाली. "घरच्या पोरी शेतात जातात, ती काय लाह असते? चल ग." आणि तिने मला मनगटाला धरून उठवलं. कडेवर घेण्याइतकं बळ तिच्यात राहिलं नव्हतं, नाहीतर तिने तेच केलं असतं.

आम्ही तिघी ओळीत बसलो, फुलीबाई, वीरसिंगची बायको फुलवंताबाई आणि मी. जोंधळा गुडघ्याच्या वर आला होता. मुठीवर आबांच्या बोटांच्या खाचा पडल्या होत्या, माझी बोटं त्यात बसत नव्हती, थोडी अलीकडे धरावी लागत होती. फुलवंताबाईने ते जुनं गाणं काढलं, साहेब धोतर खोचून बसेल की पाटलोण घालून. ती त्या हिवाळ्यात जन्मलीही नसेल. फुलीबाई मध्येच एखादं कडवं दुरुस्त करत होती. ओट्यावरून खात्याने एकदा ओरडून सांगितलं की हे आजचं मोजायचं नाही, आणि फुलीबाईने न वळता उत्तर दिलं की मोजणाऱ्याला आधी दिसतं का ते विचारा.

दुसऱ्या दिवशी निघताना मी खुरपं उचललं, तर फुलीबाईने ते घेऊन आपल्या खुरप्यांशेजारी कुडात खोचलं. मी ते तिथेच राहू दिलं.

घरी आले तेव्हा माय पडवीत धान्य निवडत होती. तिने माझे रिकामे हात पाहिले, मग रिकामी खुंटी.

"फिटनं का?" तिने विचारलं.

"नही," मी म्हटलं.

तिने सूप एकदा झटकलं, फोलपट उडवलं. "मंग पुढला सालबी जावानं शे," ती म्हणाली आणि मला पाय धुवायला पाणी आणायला उठली.